राक्षसाचा साक्षीदार

राक्षस आमच्या दारात आला तो एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद. मामाने दाराच्या भिंगातून त्याला पाहिलं, कडीला हात लावला नाही, आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात माझ्याजवळ आला.

"मी घरी नाही म्हणून सांग."

"कोण आहे?"

"राक्षस."

मला वाटलं, इमारतीचा सेक्रेटरी असेल. मामाने त्याला ठेवलेल्या नावांपैकी हे त्यातल्या त्यात सौम्य म्हणायचं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अरे, तुझी कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू येते. उघड."

मी दार उघडलं. म्हातारा पंचाहत्तरीचा. खांदे अजून दाराच्या चौकटीत मावत नव्हते, पण चेहरा पोस्टाच्या रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ देणाऱ्या माणसाचा. छत्री बाहेर ठेवू की आत, असं त्याने मला दोनदा विचारलं. राक्षस म्हणून हा माणूस माझ्या तरी पचनी पडेना.

मामाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला तुसडा समजाल. तुसडा तो आहेच, पण त्याला कारण आहे. तिशीपर्यंत मामा कुस्त्या करायचा. मातीतल्या नव्हे. तंबूत, दिव्यांच्या झगमगाटात, दोरांच्या रिंगणात, चकचकीत चड्डी आणि तोंडावर मुखवटा घालून. कोण जिंकणार हे दुपारीच ठरलेलं असायचं. लोक तिला नुरा कुस्ती म्हणतात आणि नाक मुरडतात. मामाचं म्हणणं असं की खरी कुस्ती कोणीही खेळेल, पण समोरच्याचा केसही वाकडा न करता त्याला आपटायचं तर अक्कल लागते.

त्या दिवसांत कोणा निर्मात्याच्या डोक्यात आलं की लहान मुलांसाठी कुस्तीचा सिनेमा काढावा. नाव 'सुट्टीची घंटा'. गोष्ट अशी: एक राक्षस शाळेची घंटा चोरून नेतो. घंटाच नाही, त्यामुळे शाळा सुटतच नाही. मुलं वर्गात बसून बसून कंटाळतात, मास्तरांची दाढी वाढते, आणि शेवटी तीन मुली खिडकीतून पळून वाघ नावाच्या पैलवानाला बोलावून आणतात. वाघ म्हणजे आमचा मामा, पिवळ्या मुखवट्यात. राक्षस दुसऱ्या तंबूतून आणलेला, काळ्या मुखवट्यात. शेवटच्या कुस्तीत राक्षस वाघाला डोक्यावर उचलून भिरकावतो, मग वाघ उठतो आणि जिंकतो, असं ठरलं होतं. राक्षसाने भिरकावलं. मामा उजव्या खांद्यावर, थेट त्या पितळी घंटेवर पडला आणि उठला नाही. उरलेली कुस्ती त्याच मुखवट्यात दुसऱ्याच कोणीतरी जिंकली.

खांदा कायमचा गेला. निर्मात्याला वाईट वाटलं असावं, त्याने मामाला स्टुडिओच्या साउंड विभागात चिकटवलं. पडद्यावर कोणी ठोसा मारला की इकडे ओल्या टॉवेलने चामड्याची बॅग बडवायची, कोणी बर्फातून चाललं की पिठाची पिशवी मुठीने दाबायची. हे त्याने चौतीस वर्षं केलं. आणि पहिलं काम कोणतं मिळालं? तोच सिनेमा. स्वतःचा खांदा मोडतानाचा आवाज मामानेच द्यायचा होता. त्याने सुक्या फांद्या आणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून मोडून दाखवल्या. दिग्दर्शक म्हणाला, छे छे, मुलं घाबरतील, काहीतरी गमतीशीर करा. मग मामाने डाव्या हाताने उशीवर 'धप्प' आणि पातेल्यावर 'टण्ण' केलं. हे सगळं मला मामीने सांगितलं होतं. मामी जाऊन सहा वर्षं झाली, आणि घरात आता मी आणि मामा दोघंच.

चौतीस वर्षं खोटे आवाज काढले की माणसाचं काय होतं ते मी रोज बघते. दुरुस्तीवाला फोनवर "रस्त्यात आहे" म्हणाला की मामा लगेच म्हणतो, "पंख्याचा आवाज येतोय, घरीच लोळतोय." डॉक्टर "काळजीचं कारण नाही" म्हणाले की तो त्यांच्या श्वासाकडे कान देतो. मीही काही कमी नाही. नोटरीच्या ऑफिसात टायपिस्ट आहे, दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करते, आणि 'शपथेवर सत्य सांगतो' ही ओळ टाइप करताना माझा ओठ आपोआप वाकडा होतो. आमच्या घरी पाहुणे फार टिकत नाहीत.

तर राक्षस आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि पिशवीतला फॉर्म काढला. काम साधं होतं. तो पुतणीकडे राहत होता. पुतणीचं बिऱ्हाड पुढच्या महिन्यात लहान जागेत जाणार होतं, तिथे ह्याला खोली नव्हती. "तिचा दोष नाही," तो लगेच म्हणाला. वृद्ध कलावंतांसाठी एक निवास आहे, तिथे एक खोली रिकामी झाली होती. पण आपण सिनेमात काम केलं हे सिद्ध करावं लागतं. ह्याने जन्मात एकच सिनेमा केला, तोही तोंड झाकून. त्या सिनेमात असलेल्या कोणीतरी साक्षीदार म्हणून सही करायला हवी होती, सोमवारपर्यंत.

"दिग्दर्शक गेला. निर्माता गेला. तंबूवाले सगळे गेले," राक्षस म्हणाला. "उरलास तू."

"विचार करून सांगतो," मामा म्हणाला. आमच्या घरात ह्याचा अर्थ नाही असा होतो.

राक्षस गेल्यावर मामाने कडी लावली, वरची कडीही लावली. "त्याने मला मुद्दाम टाकलं होतं," तो म्हणाला. "पोरं माझ्यासाठी टाळ्या वाजवायची आणि त्याला बघून रडायची. एका पोरीने त्याच्या हातची गोळीसुद्धा घेतली नाही. ते त्याला झोंबलं. मुद्दाम केलं त्याने. मला माहीत आहे."

"कशावरून माहीत आहे?"

"आहे."

ह्यापुढे ताकास तूर लागू दिली नाही. एकेचाळीस वर्षं हा माणूस तीन गल्ल्या पलीकडे राहत होता, आणि मामा औषधांच्या दुकानात जायला लांबचा रस्ता का धरतो हे मला त्या दिवशी कळलं.

मला मात्र वेगळीच शंका. मुळात हा राक्षस होता कशावरून? मुखवट्यामागे कोणीही असू शकतं. खोली मिळते म्हटल्यावर माणसं काय काय होतात ते मी ऑफिसात पाहिलेलं. बुधवारी ऑफिसातून येताना मी वाट वाकडी करून त्याच्या पुतणीच्या घरी गेले. सामान बांधायला काढलेलं होतं आणि राक्षस एका खोक्यावर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मी खडा टाकून पाहिला.

"काका, तुमचा मुखवटा कसला होता हो?"

"बाहेरून रेक्झिन. आतून लाल अस्तर. श्वास घेतला की अस्तर तोंडात यायचं." त्याने बशी गुंडाळली. "तुला मामाने पाठवलं का?"

"नाही."

"मग तू त्याचीच भाची खरी," तो म्हणाला, आणि पुढची बशी माझ्या हातात दिली. मी अकरा बशा गुंडाळून घरी आले. अस्तराचं खरं वाटलं, पण अस्तर कोणी कोणाला सांगूही शकतं, असं म्हणून मी ते कानामागे टाकलं.

शुक्रवारी मुलांच्या ग्रंथालयातून बाईंचा फोन आला. त्यांना कुठल्याशा गोदामात 'सुट्टीची घंटा'ची रिळं सापडली होती. रविवारी सकाळी दहाला मुलांना दाखवणार होत्या. सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्ये मामाचं नाव वाचून त्यांनी त्याला शोधून काढलं होतं, अर्थात पैलवान म्हणून नव्हे, आवाज देणारा म्हणून. मला वाटलं, मामा फोन आपटेल. पण तो म्हणाला, "येतो. आणि त्यालाही बोलवा." त्याने पत्ताही दिला. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळला. "सोक्षमोक्ष लागेल. मी म्हणतो ते पडद्यावर असणार. दिसलं तर सही नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

रविवारी आम्ही गेलो. हॉल म्हणजे ग्रंथालयाची मोठी खोली, कपाटं भिंतीला सरकवलेली, खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, आणि सतरंजीवर साठ-सत्तर मुलं. आम्हाला मागे बुटक्या बाकांवर बसवलं. राक्षस आधीच आला होता आणि दाराजवळ अंग चोरून बसला होता. मामाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी मात्र डोळ्यांत तेल घालून दोघांवर पाळत ठेवून होते.

सिनेमा सुरू झाला. पाट्या आल्या: 'वाघ: स्वतः वाघ. राक्षस: स्वतः राक्षस.' मुलं हसली. मला हसू आलं नाही, कारण निवासाच्या समितीला ह्याचा काडीचा उपयोग नव्हता. मग मास्तरांची दाढी वाढली, मुली खिडकीतून पळाल्या आणि पिवळ्या मुखवट्यातला एक सडपातळ माणूस उड्या मारत आला. हा माझा मामा? दोन्ही हात वर करून तो मुलांना नाचवत होता. मामाचे दोन्ही हात वर गेलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

शेवटची कुस्ती आली. राक्षसाने वाघाचं मनगट धरलं, वाघाने त्याचं. राक्षसाच्या हातमोज्यांना नखं लावलेली होती आणि मुलांना ती नीट दिसावीत म्हणून कॅमेरा अगदी जवळ नेला होता. पडदाभर दोन हात. आणि मी पाहिलं, पिवळ्या बाहीतल्या बोटांनी काळं मनगट दाबलं. एकदा. पुन्हा एकदा.

मामाने माझा दंड पकडला. "बघितलंस? दोनदा!" तो माझ्या कानात फुसफुसला.

पडद्यावर वाघ उचलला गेला, गरगर फिरला, खाली आला. धप्प. टण्ण. सगळी मुलं खदाखदा हसली. मामा उठला आणि माझ्या दंडाला धरून मला बाजूच्या वाचनखोलीत घेऊन गेला. तिथे त्याने मला जे सांगितलं ते मामीलाही कधी सांगितलं नव्हतं, कारण तंबूत शिरताना उस्ताद शपथ घालायचा की आतली खूण बाहेरच्या कोणाला सांगायची नाही. कुस्तीत बोलता येत नाही, म्हणून मनगट दाबायचं. एकदा दाबलं की मी तयार आहे. दोनदा दाबलं की थांब.

"घंटा चुकीच्या जागी ठेवली होती. मला दिसली. मी थांब म्हणालो. त्याच्या हाताला कळलं, तू पडद्यावर पाहिलंस. तरी टाकलं." मामाचा आवाज चिरकला. "आता सांग, मी संशयी आहे?"

मला भयंकर राग आला. मी तशीच बाहेर गेले. राक्षस पॅसेजमध्ये पाण्याच्या पिंपापाशी छत्री धरून उभा होता.

"काका, मामाने तुमचं मनगट दोनदा दाबलं होतं."

"हो, दाबलं ना," तो म्हणाला. "म्हणून तर तसा टाकला."

"म्हणजे?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. शपथ ह्यालाही घातलेली होती, ते दिसत होतं. शेवटी हळूच म्हणाला, "दोनदा म्हणजे जोरात. मला रागच आला होता तेव्हा. म्हटलं, पोरांच्या टाळ्या ऐकून हा चेकाळलाय, ह्याला आता जोरातच हवंय. मग टाकला जोरात. नंतर ऐकलं की हा माझ्या नावाने बोटं मोडतोय. म्हटलं, स्वतः मागून घेतलं आणि खापर माझ्यावर. म्हणून मीही गेलो नाही त्याला बघायला."

"तुमच्या तंबूत दोनदा म्हणजे जोरात होतं, हे दुसरं कोण सांगेल?"

"कोण सांगणार? आमचे सगळे गेले."

साक्षीदार नेहमी गेलेलेच असतात. असली प्रतिज्ञापत्रं मी आठवड्याला चार टाइप करते. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं, आणि मी ते तोंडावर बोलणार तेवढ्यात मामा वाचनखोलीच्या दारात दिसला. त्याने सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो सरळ राक्षसापाशी आला.

"निघतो मी," म्हणाला, आणि निरोपाला डावा हात पुढे केला. राक्षसाने हात दिला. मामाने तो हातात न घेता वर सरकून मनगट धरलं. आणि बोटं दाबली. एकदा. दोनदा.

पापणी लवायच्या आत छत्री खाली पडली. राक्षसाचे गुडघे वाकले, खांदा मामाच्या पोटाखाली गेला, दुसरा हात मांडीमागे, आणि माझ्या बहात्तर वर्षांच्या मामाच्या चपला फरशीपासून चांगल्या वीतभर वर गेल्या.

"काका!" मी किंचाळले.

राक्षस तिथेच थांबला. मग भरलेला हंडा उतरवावा तसं त्याने मामाला अलगद खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून धापा टाकू लागला. "काय हे," तो म्हणाला. "सांगून तरी दाबायचं."

मामा पॅसेजमधल्या बुटक्या बाकावर बसला. मग म्हणाला, "खरं आहे."

हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "मामा, हेही नाटक असेल," मी म्हटलं. सवय जात नाही.

"नाटक करणं हाच आमचा धंदा होता. मला ओळखता येत नाही होय?" मामाने डोळ्यांवर हात ठेवला. "त्याने विचार केला नाही. अंगानेच केलं." आणि मग तो रडला. खांद्यासाठी नव्हे. "एकेचाळीस वर्षं," तो म्हणत होता. "तीन गल्ल्या. एकदा विचारलं असतं तर."

"काय विचारलं असतं?" राक्षस म्हणाला. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. "दोनदा दाबलंस, मी टाकलं. त्यात विचारायचं काय?"

मामाने मान वर केली. "आमच्या तंबूत दोनदा म्हणजे थांब."

राक्षस त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या ओठांची हालचाल झाली, "थांब?" पण आवाज फुटला नाही. आत मुलं टाळ्या वाजवत होती, शाळा सुटली असावी. राक्षस भिंतीवरून घसरत फरशीवर बसला. एवढा मोठा देह, पण असा बसला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. ह्या माणसावर मी आठवडाभर पाळत ठेवली होती, त्याची मला मनापासून लाज वाटली.

"तू थांब म्हणालास," तो म्हणाला. "आणि मी जोरात टाकलं."

"तुला काय माहीत."

"नको सही करूस. पुतणी बघेल काहीतरी. कुठल्या तोंडाने मागू मी सही?" त्याने पिशवीतून फॉर्म काढला आणि फाडायला म्हणून दोन्ही हातांत धरला.

"भाचे, घे तो त्याच्याकडून," मामा म्हणाला. "आणि पेन काढ."

मी फॉर्म घेतला, बाकावर पसरला आणि त्यातले प्रश्न मोठ्याने वाचत गेले. मामा सांगत गेला, मी लिहीत गेले. नाव. सिनेमाचं नाव. कोणत्या साली. सातवा प्रश्न होता: 'पडद्यावरील व्यक्ती हेच अर्जदार असल्याची आपली खात्री कशावरून?' त्याखाली तीन रिकाम्या ओळी.

मामाने नाक पुसलं. "लिही. माझा खांदा ह्यानेच मोडला."

राक्षसाने मान खाली घातली. माझं पेन थांबलं. "मामा, असं कसं लिहू?"

"खोटं आहे का?"

मी लिहिलं. मामा राक्षसाकडे बघत होता, आणि त्या नजरेत मला रोजचा संशय काही सापडेना.

"पूर्णविराम देऊ नकोस," तो म्हणाला. "पुढे लिही: 'मी सांगितलं म्हणून.'"